कंबरेतून पायात कळ: एक्सरे, सिटी की डायरेक्ट एमआरआय? (देवगड)

हापूसवाला_झिल

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

बाबा ६४ वर्षांचे. बारा दिवसांपूर्वी आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढवताना कंबरेत चमक भरली, वाटलं नेहमीचीच उसण, आईने तेल लावून शेकवलं, पण तिसऱ्या दिवसापासून दुखणं डाव्या पायात उतरलं, मांडीच्या मागून पोटरीपर्यंत ठणका आणि पावलावर मुंग्या. रात्री कूस बदलताना ओरडतात. गावातल्या डॉक्टरांनी तेव्हाच आडवं झोपवून पाय सरळ वर उचलून बघितला, हातोडीने गुडघे ठोकले, गोळ्या दिल्या आणि म्हणाले घाई नको, काही आठवडे बघू, आत्ता फोटोची पण गरज नाही.

झालं, घरात महाभारत. ठाण्याचा मोठा भाऊ फोनवर, फोटो न काढता गोळ्या देतो हा कसला डॉक्टर, तू डायरेक्ट एमआरआय कर पैसे मी टाकतो. मेव्हणा म्हणतो कणकवलीला सिटी स्कॅन काढ, दोन्ही मशीनं गोलच तर असतात, कशाला घाट चढताय. शेजारचे आबा म्हणतात साधा एक्सरे काढा, मणक्यात गॅप असणार. आमच्याकडे एमआरआय म्हटलं की लोक कोल्हापूर नाहीतर गोवा धरतात आणि बाबांना अर्धा तास गाडीत बसवत नाहीये, सीझन चालू, बागेत माणसं लावलेली, उगाच दोन दिवस मोडायचे नाहीत.

प्रश्न एवढाच की हे एक्सरे, सोनोग्राफी, सिटी, एमआरआय म्हणजे चढत्या पायऱ्या आहेत का? म्हणजे वरचं केलं की खालच्याची गरज नाही असं? आणि आईला पण महिनाभर जेवल्यावर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतं, तर भाऊ म्हणतो दोघांचा एकदमच एमआरआय करून टाक.

मुरुडकर_७

भावाचं ऐका. आमच्या काकांचं पण असंच बघू बघू करत सहा महिने घालवले. शेवटी एमआरआयच करायला लागला ना. पैसे तो देतोय तर अडलंय कुठे.

क्षकिरण_काका

झिला, मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्सरे काढले, रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक सगळीकडे बदली झाली. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं डार्करूममध्ये गेली, डेव्हलपरने नखं तपकिरी व्हायची आणि घरच्या जेवणात पण त्याचा वास यायचा. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, औषध-निदान मला विचारू नका, पण मशीनचं विचारलंत म्हणून बोलतो.

पायऱ्या नाहीत. चाळीस वर्षं लोकांना हेच समजावतोय, लोक येऊन म्हणतात "साहेब, मोठा फोटो काढा". अरे मोठा म्हणजे काय? जवळा धरायला सुरमईचं जाळं टाकलंस तर हातात काय येणार, पाणी. मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं जाळं महाग असलं म्हणून त्यात जवळा येतो असं नाही. तसंच आहे हे.

एक्सरे म्हणजे सावली. हाड दाट, ते किरण अडवतं, पांढरं उमटतं. फुप्फुसात हवा, ते काळं, त्यात न्यूमोनियाचा किंवा टीबीचा डाग पांढरा उठून दिसतो. म्हणून हाड आणि छाती ही एक्सरेची दोन हक्काची घरं. पण नस, डिस्क म्हणजे मणक्यांमधली गादी, स्नायू, लिगामेंट हे सगळं त्याला एकाच राखाडी रंगाचं. तुमच्या बाबांच्या मणक्याचा एक्सरे काढला तर चौसष्टाव्या वर्षी झीज दिसणारच, दोन मणक्यांतली जागा कमी दिसणारच, आणि मग आबा म्हणतील बघा गॅप. नस दाबली गेलीय का हे त्यात दिसत नाही ते नाहीच. तुमच्या डॉक्टरांनी फोटो नको म्हटलं ते आळसाने नाही म्हटलेलं.

सिटी म्हणजे पण एक्सरेच, फक्त नळी आणि डिटेक्टर माणसाभोवती गरागरा फिरतात आणि कॉम्प्युटर त्याच्या चकत्या करतो. हाऊन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९७१ साली पहिल्या पेशंटच्या डोक्याचा काढला, त्यासाठी १९७९ मध्ये त्याला आणि त्यामागचं गणित मांडणाऱ्या कॉर्मॅकला नोबेल मिळालं. त्यात हाडाचा बारीक तडा, डोक्यातला ताजा रक्तस्राव, मुतखडा, फुप्फुस, पोटातली गडबड हे काही सेकंदांत दिसतं. एमआरआय हा वेगळाच प्राणी, त्यात एक्सरे अजिबात नाहीत. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी, शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून सिग्नल घेतात. म्हणून जिथे पाणी-चरबी-मऊ भाग तिथे तो राजा. मेंदू, मज्जारज्जू, डिस्क, गुडघ्याची गादी आणि लिगामेंट. मेव्हण्यांना सांग दोन्ही गोल असली म्हणून काय झालं, जातं पण गोल आणि गाडीचं चाक पण गोल.

आता मला एक सांग. बाबांनी आयुष्यात कधी वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथचं काम केलंय का? पेसमेकर, मेंदूत क्लिप, कानात मशीन बसवलंय का? एमआरआय आत्ता लागो न लागो, याचं उत्तर काढून ठेव.

ओहोटी

रेडिओलॉजीत आहे, मूळ चिपळूण. काकांनी मशीनचं झकास सांगितलंय (जात्याचं मी चोरणार आहे), मी पेशंटच्या बाजूने थोडं सांगते. ऑनलाइन निदान करत नाहीये, तुमच्या डॉक्टरांच्या हाताला जे लागतं ते मला इथून लागणार नाही.

कंबरेतून पायात उतरणारं दुखणं बहुतेकांचं सहा आठवड्यांत बरंच कमी होतं, गोळ्या, थोडी हालचाल, वजन न उचलणं एवढ्यावर. त्या काळात एमआरआय काढला तरी औषध तेच राहतं. आणि त्यातली खरी गंमत म्हणजे कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यात भरपूर बिघाड सापडतात. २०१५ मध्ये अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात साठीतल्या न दुखणाऱ्या लोकांपैकी ६९ टक्क्यांना डिस्क बल्ज होता, म्हणजे डिस्क थोडी बाहेर फुगलेली. दहातल्या सातांना! म्हणजे रिपोर्टमध्ये "बल्ज" आला म्हणून दुखणं तिथूनच आहे असं होत नाही, पण एकदा कागदावर आला की घरातले लोक तो शब्द सोडत नाहीत, माणूस स्वतःला आजारी समजून खाटेवर पडतो. मुरुडकर, तुमच्या काकांचं वाईट वाटलं पण सहा महिने आणि बारा दिवस यात फरक आहे.

पण काही खुणा असल्या तर हे सगळं उलटं होतं आणि मग थांबायचं नाही. म्हणून आजच बाबांना विचारा आणि करून बघा. लघवी अडतेय का किंवा कळत नकळत होतेय का, शौचाचा ताबा आहे का, बसल्यावर जो भाग पाटाला टेकतो तिथे आणि दोन मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का. यातलं काही असेल तर आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलला, सकाळची वाट पण बघू नका. ताप, विनाकारण वजन उतरणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, झाडावरून पडणं हे पण विचारा. आणि भिंतीला हात लावून बाबांना दोन्ही टाचांवर चार पावलं चालायला सांगा, मग चवड्यांवर. पाऊल लडबडतं का, चालताना चप्पल निसटते का. दुखतंय म्हणून उचलत नाहीत की उचलताच येत नाहीये, हा फरक नीट बघा. बारा दिवसांपूर्वी ठीक असेल पण आता नसेल असं होऊ शकतं.

आईचं वेगळं. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली म्हणजे पहिला संशय पित्ताशयाच्या खड्यांचा आणि त्याला उत्तम तपासणी सोनोग्राफी, जी सगळ्यात स्वस्त आहे. गंमत बघा, पित्ताचे कोलेस्टेरॉलचे खडे महागड्या सिटीत बरेचदा दिसतच नाहीत कारण ते आणि पित्त त्याला सारखेच दिसतात, सोनोग्राफीत मात्र खडा चमकतो आणि मागे काळी सावली पडते, कूस बदलली की घरंगळतो. सहा-आठ तास उपाशी जायचं, दुधाचा चहा पण नको, नाहीतर पित्ताशय आकसतं आणि आत काय आहे ते कळत नाही. खडा नळीत सरकलाय अशी शंका आली, कावीळ झाली, तर मग एमआरसीपी नावाचा एमआरआयचाच प्रकार, तो पुढचा प्रश्न. हां, आईला डायबेटीस-बीपी असेल आणि चढ चढताना पण तिथेच दुखत असेल तर सोनोग्राफीच्या आधी ईसीजी. पित्त पित्त म्हणत हार्ट अटॅक अंगावर काढलेले पेशंट बघितलेत मी.

वालावलची_माई

माझो अनुभव सांगतंय. गेल्या पावसात माका पाठीतसून जांघेपर्यंत अशी कळ इली काय इचारू नको, लोळाक लागलंय. पयली सोनोग्राफी केली, डॉक्टरान सांगल्यान किडनीक सूज दिसता पण खडो खय आसा तो दिसणा नाय. मगे सिटी काढलो, तेच्यात खडो खाली नळीत अडकलेलो. सहा मिलीमीटर. माझो प्रश्न, मगे पयलीच सिटी कित्याक नाय काढल्यानी? दोन-दोन पैसे गेले.

आणि कोळंबी खाल्ली काय माका अंगभर पित्त उठता, तर सिटीवाल्यान इचारल्यान मासळीची अॅलर्जी आसा काय, माका वाटला आता इंजेक्शन देणत नाय.

ओहोटी

माई, रास्त प्रश्न. मूत्रनलिका आतड्यांच्या मागून जाते आणि आतड्यात वायू असतो. सोनोग्राफीचा आवाज वायूपाशी अडतो, पुढचं काही दिसत नाही. तुमचा खडा नेमका तिथे होता. साधा सिटी, म्हणजे फोटो उठावदार करणारं औषध शिरेत न सोडता काढलेला, जवळजवळ सगळे खडे दाखवतो, त्याची जागा आणि माप सकट, म्हणून पक्कं ठरवायला तोच. पण सोनोग्राफीत किरण नाहीत, स्वस्त आहे, तालुक्याला मिळते, आणि खडा किडनीतच असता किंवा अगदी खाली मूत्राशयापाशी असता तर तिथेच काम भागलं असतं. तरुण मुली, गरोदर बाई, मुलं, यांना तर पहिली सोनोग्राफीच. आणि मुतखड्याला एमआरआय, जो सगळ्यात महाग, तो सगळ्यात कुचकामी. खडा त्यात नीट दिसतच नाही. झिलाच्या भावाला हे वाचायला द्या.

कोळंबीचं म्हणाल तर कोकणात हे रोज ऐकते. कोळंबी-शिंपल्याची अॅलर्जी त्यातल्या एका प्रोटीनची असते, आयोडीनची नाही. सिटीच्या औषधात आयोडीन असतं म्हणून लोकांनी दोघांची सोयरीक जुळवली. मासळीच्या अॅलर्जीचा धोका इतर कुठल्याही अॅलर्जीइतकाच, त्यापायी इंजेक्शन नाकारायची गरज नाही. सांगा जरूर, पण खरं महत्त्वाचं ते हे की पूर्वी याच औषधाने कधी त्रास झाला होता का, दमा आहे का, किडनीचा क्रिएटिनिन किती, डायबेटीसची मेटफॉर्मिन चालू आहे का. आणि खड्यासाठीच्या साध्या सिटीत हे औषध देतच नाहीत, तेव्हा तुमच्या वेळी तो प्रश्न फॉर्मातला असणार.

चाकरमानी_डोंबिवली

एक शंका. सिटीत पाचशे एक्सरेएवढं रेडिएशन असतं असा मेसेज फिरतोय. आमच्या तात्यांना गणपतीत गावी असताना झटका आला, तोंड वाकडं, उजवा हात गळून पडला, तर तिथे सिटी काढला आणि रिपोर्ट नॉर्मल!! मग आम्ही भांडलो की नॉर्मल कसा, एमआरआय का नाही केला, एवढं रेडिएशन फुकट दिलं.

क्षकिरण_काका

पाचशे नाही हो. मोजायचं एकक मिलिसिव्हर्ट. छातीच्या एका एक्सरेत साधारण ०.१, कंबरेच्या एक्सरेत दीडच्या आसपास, डोक्याच्या सिटीत दोनच्या आसपास, पोटाच्या सिटीत आठ-दहा. आणि काही न करता, नुसत्या जमिनीतून-आभाळातून-खाण्यातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे तात्यांच्या डोक्याचा सिटी म्हणजे जेमतेम वर्षभर जगल्याएवढा. पोटाचा सिटी छातीच्या एक्सरेच्या शंभरपट होतो, तेव्हा उगाच दर महिन्याला काढू नये, लहान पोरांना तर जपूनच, पण गरज असताना घाबरून टाळायचा पण नाही.

आम्ही शिकत होतो तेव्हा सरांनी राँटगेनचा किस्सा सांगितलेला, १८९५ साली त्याला हे किरण सापडले, कसले ते कळेना म्हणून एक्स म्हणाला, आपण त्याचं क्ष केलं. त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. आज पण कंबरेचा फोटो काढताना माझं पहिलं काम म्हणजे करगोटा काढायला लावणं. त्याला चांदीची पेटी नाहीतर ताईत असतो, तो नेमका चौथ्या मणक्यावर उमटतो. एका म्हाताऱ्याने करगोटा तोडू दिला नाही, म्हणाला बापाने बांधलाय. वर सरकवून छातीपर्यंत नेला आणि काढला फोटो, काय करणार.

ओहोटी

चाकरमानी, तात्यांच्या वेळी त्यांनी बरोबर केलं. झटका दोन प्रकारचा, रक्त गोठून नळी बंद झाली किंवा नळी फुटून रक्त सांडलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या प्रकारात जीव वाचवतं, दुसऱ्यात जीव घेतं, आणि ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. सिटीने एक गोष्ट दोन मिनिटांत कळते, रक्त सांडलंय की नाही. सांडलेलं रक्त पांढरं झळकतं. गुठळीचा झटका मात्र पहिल्या काही तासांत सिटीत दिसतच नाही पुष्कळदा, म्हणून "नॉर्मल" म्हणजे झटका नाही असं नव्हे, रक्तस्राव नाही, औषध देता येईल असा त्याचा अर्थ. एमआरआयच्या एका प्रकारात तो लवकर दिसतो हे खरं पण एमआरआय शोधत घाट चढला असतात तर साडेचार तास गाडीतच गेले असते.

मुरुडकर_७

विषय निघालाच आहे तर, माझ्या पोराच्या घशात बांगड्याचा काटा अडकला होता. भाताचे गोळे, केळं, सगळं गिळवलं. मग एक्सरे काढला त्यात काही नाही म्हणाले आणि पोरगं तरी रडतंय टोचतंय म्हणून. शेवटी कानाच्या डॉक्टरने आरसा घालून चिमट्याने काढला. मग एक्सरे कशाला काढायचा?

क्षकिरण_काका

बांगड्याचा काटा एक्सरेत दिसेलच असं नसतं, मऊ आणि बारीक. काही माशांचे काटे दिसतात, काहींचे नाही. आधी घसा बघायचा, टॉन्सिलपाशीच अडकलेला असतो बहुतेक वेळा. खाली अन्ननलिकेत गेल्याची शंका असेल तर सिटी. आणि ते भाताचे गोळे बंद करा बाबांनो, काटा आणखी आत रुततो. हे मी कोकणात सांगतोय म्हणजे समुद्रावर जाऊन लाटेला थांब म्हणण्यासारखं आहे, पण सांगतो.

हापूसवाला_झिल

मंडळी, हात थरथरतायत लिहिताना.

ओहोटीताई तुम्ही सांगितलं तसं पडवीत भिंतीला धरून बाबांना टाचेवर चालायला लावलं. उजवी टाच ठीक. डावीवर उभंच राहता येईना, पाऊल पुढून आपटतंय, बोटं वर उचलतच नाहीत. दुखतं म्हणून का विचारलं तर म्हणाले दुखत नाही रे, वर येतच नाही. मग आई म्हणाली, तरीच चार दिवस यांची डावी चप्पल खळ्यात राहते आणि हे अनवाणी आत येतात. आम्ही म्हणत होतो चप्पल सैल झाली, मी नवीन पट्टा पण घालून आणला होता बाजारातून!! लघवी-शौचाचं सगळं ठीक आहे, बधिर पण नाही तिथे, दोनदा विचारलं.

आणि क्षकिरण काका, बाबा आंबा बघायच्या आधी वीस वर्षं देवगड बंदरात ट्रॉलरच्या इंजिनाची कामं करायचे. ग्राइंडर रोजचा. चष्मा कधीच नाही. एकदा डोळ्यात कीस गेला होता तो डॉक्टरकडे जाऊन काढून घेतला होता म्हणतात, त्यानंतरचं आठवत नाही.

ओहोटी

झिल, आता उत्तर बदललं. पाऊल उचलत होतं तोवर थांबणं बरोबर होतं, आता नाही. पाय दुखणं वेगळं आणि पायाची ताकद जाणं वेगळं. पाऊल वर उचलणारी नस पाचव्या कंबर-मणक्याची, ती दाबली जातेय अशी दाट शंका आहे आणि किती दाबलीय, कुठे, कशाने, हे फक्त एमआरआय नीट सांगेल. आधी आत्ताच तुमच्या डॉक्टरांना फोन करा, नुसतं "दुखणं वाढलं" सांगू नका, "डावं पाऊल वर उचलत नाही, चार दिवसांपासून" हे शब्द वापरा. त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, त्यावर काय शोधायचंय ते लिहून घ्या. नुसतं "एमआरआय कंबर" असं लिहिलेली चिठ्ठी आली की आम्ही अंधारात, आणि "डावं पाऊल लुळं, चार दिवस, बाजू डावी" असं लिहिलं की आम्ही नेमकी ती नस शोधतो. एमआरआय जिथे करताय तिथेच मणक्याचा सर्जन असेल असं ठिकाण बघा, म्हणजे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या गावी पळायला नको. उद्या जा. वाटेत लघवी अडली तर सरळ इमर्जन्सीत.

सिटीचं पण सांगते म्हणजे मेव्हणे गप्प बसतील. पेसमेकर वगैरेमुळे एमआरआय होतच नसेल तर सिटीवर भागवतो, डिस्क त्यात काही प्रमाणात दिसते. पण हाताशी एमआरआय असताना नसेसाठी सिटी नाही.

क्षकिरण_काका

किसाचं विचारलं ते याचसाठी. एमआरआयचं चुंबक दीड टेस्लाचं म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट, आणि ते बंद नसतं, रात्री लाइट गेली तरी चालूच असतं. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहिला असेल, वीस वर्षं गप्प बसलेला, तो आत गेल्यावर हलतो आणि डोळा जाऊ शकतो. म्हणून आधी डोळ्यांचा साधा एक्सरे काढतात, लोखंड त्यात ठळक दिसतं. बघ, ज्या एक्सरेला आबा सोडून सगळे हसत होते तोच आधी लागला! काउंटरवर फॉर्म देतील, त्यात हा प्रश्न असतो, लोक सगळ्यावर "नाही" ची टिक मारतात. तू स्वतःच्या तोंडाने सांग, "ग्राइंडिंग केलंय, डोळ्यात कीस गेला होता".

आणि दाराशीच करगोटा, ताईत, कवळी, बेल्ट, मोबाइल, सुट्टे पैसे सगळं काढा. आई आत थांबणार असेल तर तिच्या पिना पण, मंगळसूत्राला अडकवलेल्या, पदराला टोचलेल्या, आमच्या बायका विसरतात. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण माणूस मशीनला खेचला जाऊन दगावला, पेशंट पण नव्हता तो, नातेवाईक होता. तेव्हा टेक्निशियन खेकसला तर राग मानू नकोस.

आत ठोकाठोकीचा आवाज खूप असतो, सुतार बसल्यासारखा, कानाला बोळे देतात, बाबांना आधी सांगून ठेव. आणि हलायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं उताणं झोपवेल का ते त्यांना विचार, नाहीतर डॉक्टरांकडून आधी दुखण्याची गोळी घे. घाटात मागच्या सीटवर आडवं करून न्या. फिल्म मिळेल ती गुंडाळून रबर लावू नका, सपाट आणा, आणि सीडी मागून घ्या, सर्जनला सगळ्या चकत्या बघायच्या असतात.

चाकरमानी_डोंबिवली

झिल, कोल्हापूरला राहायची सोय लागली तर मेसेज कर, माझी मावशी आहे तिकडे.

हापूसवाला_झिल

पाच दिवसांनी लिहितोय, माफ करा, मोबाइल हातात घ्यायला वेळ नव्हता.

डॉक्टरांना फोन केला, ते स्वतः रात्री घरी आले, पाऊल बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली, ताईंनी सांगितलेले सगळे शब्द त्यांनी आपणहून लिहिले होते, मला काही बोलायला लागलं नाही. भावाला वाटतंय तो जिंकला. समजावायचं सोडून दिलं.

फोंडाघाटाने कोल्हापूरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला आणि खरंच सगळ्यात खाली तो प्रश्न बारीक अक्षरात, मी ग्राइंडिंग म्हटल्यावर ती आत जाऊन मोठ्या टेक्निशियनला घेऊन आली. डोळ्यांचे दोन फोटो काढले, एक वर बघत एक खाली बघत. काही नाही निघालं. करगोटा बाबांनी स्वतः सोडून माझ्या खिशात ठेवला, आईच्या अंगावर पाच पिना निघाल्या, तिला वाटत होतं दोन आहेत. बाबा आत पंचवीस मिनिटं होते आणि बाहेर येऊन म्हणाले जुन्या लेलँड इंजिनाचा आवाज बरा.

रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली डिस्क डावीकडे बाहेर येऊन पाचवी नस दाबतेय. वर आणखी दोन ठिकाणी बल्ज लिहिलाय, मी घाबरलो, सर्जन म्हणाले त्या दोन ओळी वाचू नका, त्या तुमच्या बाबांच्या वयाच्या आहेत, आजाराच्या नाहीत. पावलाची ताकद पाचात तीन सांगितली, अजून जास्त गेलेली नाही पण थांबण्यात अर्थ नाही, ऑपरेशन परवा आहे.

आईची सोनोग्राफी सकाळी उपाशीपोटी तिकडेच करून घेतली, ईसीजी आधी केला तो ठीक आला. पित्ताशयात तीन खडे. तिला कुशीवर वळायला लावलं तर स्क्रीनवर घरंगळताना मी बघितले ताई, अगदी सुपारीसारखे. तिचं आंबे संपल्यावर बघू म्हणाली, डॉक्टर पण म्हणाले चालेल, तोपर्यंत तेलकट कमी आणि ताप-कावीळ झाली तर लगेच या.

बाबांना मागच्या पट्ट्याची सँडल घेऊन दिली आहे. जुनी चप्पल खळ्यातच आहे.

क्षकिरण_काका

करगोटा परत बांधू नकोस परवापर्यंत, ऑपरेशनला पुन्हा सोडायला लावतील. आणि आंबा कसा आहे यंदा?

हापूसवाला_झिल

यंदा कमीच आहे काका. पत्ता मेसेज करा, एक पेटी पाठवतो.